दोन ओळींवर एकच नाव, मग किल्ली कुठली?

लॉगिनचं बटण दाबलं की पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले पासवर्ड आणि पासकी सांभाळणारं अ‍ॅप, एक छोटीशी यादी पुढे करतो. कधी कधी त्या यादीत एकाच वेबसाइटच्या दोन ओळी असतात आणि दोन्हींवर तोच ईमेल पत्ता. एक निवडली तर थेट आत जाता येतं. दुसरी निवडली तर बोटाचा ठसा वगैरे सगळं रीतसर होतं आणि शेवटी वेबसाइट म्हणते, ही पासकी आम्हाला माहीत नाही. बिघाड ना ठशात असतो ना इंटरनेटमध्ये. असं का होतं हे कळायला त्या ओळीच्या आत काय साठवलेलं असतं ते बघावं लागतं.

पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरतात ती पासकी म्हणजे मुळात किल्ल्यांची जोडी. खासगी किल्ली आपल्याकडे, पासवर्ड मॅनेजरमध्ये राहते; सार्वजनिक किल्ली वेबसाइटकडे जाते. लॉगिनच्या वेळी वेबसाइट दरवेळी नवी, यादृच्छिक आकड्यांची एक माळ पाठवते. मॅनेजर खासगी किल्लीने तिच्यावर डिजिटल सही करतो आणि वेबसाइट सार्वजनिक किल्लीने ती सही तपासते. गुपित वेबसाइटकडे जातच नाही, त्यामुळे तिचा सर्व्हर फुटला तरी चोराच्या हाती लागतात त्या फक्त सार्वजनिक किल्ल्या. यामागचं गणित नवं नाही. सार्वजनिक किल्लीची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. पासकी ज्या नियमांवर चालते ते वेबऑथन हे ब्राउझरसाठीचं प्रमाण (सगळ्यांनी पाळायचा तांत्रिक नियमसंच) मार्च २०१९ मध्ये पक्कं झालं आणि मे २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून पासकीला पाठिंबा जाहीर केला.

आता ती ओळ उघडून बघू. आत वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, असतं, किल्लीचा ओळखक्रमांक असतो, खासगी किल्ली असते आणि वेबसाइटने आपल्या खात्याला दिलेला एक अंतर्गत क्रमांकही असतो. हा क्रमांक जास्तीत जास्त ६४ बाइटचा, माणसाला वाचून काही अर्थबोध न होणारा. ईमेल पत्ता आणि नाव ही नुसती वर चिकटवलेली लेबलं. आपण लेबल बघतो, यंत्र मात्र डोमेन आणि खातेक्रमांक बघतं. सगळी गंमत आणि सगळा घोळ याच फरकातून येतो.

प्रमाणातला नियम सरळ आहे: एका ठिकाणी, एका डोमेनच्या एका खातेक्रमांकासाठी एकच पासकी. त्यामुळे एकाच वेबसाइटवर तुमचं एक घरचं आणि एक कामाचं खातं असेल तर काहीच अडत नाही. खातेक्रमांक दोन, म्हणून पासकीही दोन. त्या शेजारी शेजारी नांदतात. एकाच खात्यासाठी त्याच मॅनेजरमध्ये पुन्हा पासकी काढायला गेलात तर मात्र गाडी अडायला हवी. नीट बांधलेली वेबसाइट आधीच नोंदवलेल्या किल्ल्यांचे ओळखक्रमांक सोबत पाठवते. मॅनेजरला त्यात स्वतःकडची किल्ली दिसते आणि तो ‘ही इथे आहेच’ म्हणून नकार देतो. वेबसाइटने ही यादी पाठवायचा आळस केला, तर नियमानुसार नवी पासकी जुनीच्या जागी बसते. जुनी खासगी किल्ली गेली, तिची सार्वजनिक जोडीदारीण मात्र वेबसाइटच्या सेटिंगमध्ये तशीच पडून राहते.

मग एकाच ईमेलच्या दोन ओळी आल्या कुठून? कधी खातं बंद करून त्याच ईमेलने पुन्हा उघडलेलं असतं. खातेक्रमांक बदललेला असतो, लेबल नाही. कधी एक पासकी फोनच्या स्वतःच्या कीचेनमधली (फोनसोबतच येणाऱ्या किल्ल्यांच्या कप्प्यातली) असते, दुसरी वेगळ्या मॅनेजरमधली, आणि फोन दोन्ही एकत्र दाखवतो. शिवाय काही मॅनेजर पासकी नव्या नोंदीत ठेवायची की जुन्या, हे आपल्यालाच विचारतात. इथे जरा जपून. निवडलेल्या नोंदीत आधीच एक पासकी असेल तर ‘बदलायची का?’ असा प्रश्न येतो, आणि घाईत ‘हो’ म्हटलं की दुसऱ्या खात्याची किल्ली पुसली जाते. दोन खाती असतील तर दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात आणि त्यांना ‘घर’, ‘काम’ अशी नावं आधीच देऊन टाकावीत.

एका खात्याला जास्त पासकी असाव्यात का? असाव्यात, पण एकाच मॅनेजरमध्ये दोन असण्याला माझ्या मते काही अर्थ नाही. मॅनेजरचं दार बंद झालं की दोन्ही आत अडकल्या. क्लाउडमधून सिंक करणारा मॅनेजर तीच किल्ली फोनवर आणि लॅपटॉपवर पोचवतो, म्हणून प्रत्येक उपकरणासाठी वेगळी पासकी काढायचीही गरज नसते. दुसरी किल्ली खरोखर दुसरीकडे हवी: फोनच्या कीचेनमध्ये किंवा यूएसबीच्या सिक्युरिटी कीवर, म्हणजे किल्ली आत साठवणाऱ्या छोट्या उपकरणावर. अशा कीमधून खासगी किल्ली बाहेर काढता येत नाही, म्हणून ते उपकरण हरवलं की किल्लीही गेली. जागाही मोजकीच: युबिकी या नावाने मिळणाऱ्या सिक्युरिटी कीच्या ५ मालिकेत जुन्या फर्मवेअरवर (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) २५ पासकी मावत, ५.७ आवृत्तीपासून १०० मावतात. सगळं जग तिच्यावर ठेवू नये, पण मुख्य ईमेल आणि खुद्द पासवर्ड मॅनेजरच्या खात्यासाठी ती उत्तम.

यातली कुठली किल्ली सिंक होणारी आणि कुठली एकाच यंत्रात अडकलेली, हे वेबसाइटलाही कळतं. सहीसोबत दोन छोट्या खुणा जातात: हिची प्रत निघू शकते का, आणि सध्या निघालेली आहे का. नोंदणीच्या वेळी १६ बाइटचा एक संकेतही जाऊ शकतो, त्यावरून पासकी कुठल्या मॅनेजरची हे ओळखता येतं. सेटिंगमध्ये ‘आयक्लाउड कीचेन’ असं नाव आपोआप दिसतं ते यामुळेच. जिथे नुसतं ‘पासकी १, पासकी २’ दिसतं आणि नाव बदलायची सोय असते, तिथे ती लगेच वापरावी.

खरा धोका पासकी पुसण्यात आहे. मॅनेजरमधून पुसली म्हणून वेबसाइटवरून जात नाही, आणि वेबसाइटवरून काढली म्हणून मॅनेजरमधून जात नाही. सुरुवातीला सांगितलेली न चालणारी ओळ बहुधा अशीच मागे राहिलेली असते. ‘या खात्याच्या एवढ्याच पासकी आता चालू आहेत’ असं मॅनेजरला कळवायची सोय प्रमाणात आली आहे, पण ती वेबसाइट, ब्राउझर आणि मॅनेजर या तिघांनीही पाळावी लागते. तोवर क्रम हातानेच सांभाळायचा. जी ठेवायची तिने आधी एकदा लॉगिन करून बघा, मग नको असलेली वेबसाइटवरून काढा, आणि मॅनेजरमधली नोंद सगळ्यात शेवटी.

एवढं करूनही पासवर्ड आणि एसएमएसचा ओटीपी हा जुना रस्ता खात्यावर उघडाच असेल, तर चोर पासकीच्या वाटेला जाणारच नाही. काही सेवा पासवर्ड पूर्ण काढून टाकू देतात. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यांना ही सोय २०२१ पासून आहे. ती वापरण्याआधी दुसरी पासकी दुसऱ्या ठिकाणी तयार असायला हवी, कारण त्यानंतर ‘पासवर्ड विसरलात?’ ही वाटही उरत नाही.