रोज सोबत न्यायचा लॅपटॉप घेताना काय पाहावे

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विक्री प्रतिनिधी, सीए, विमा सल्लागार, सर्व्हेअर अशा ज्यांचा लॅपटॉप टेबलापेक्षा सॅकमध्येच जास्त असतो, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. घरी एका जागी ठेवायचा लॅपटॉप आणि रोज लोकल, एसटी, मोटरसायकलवरून फिरणारा लॅपटॉप या दोन वेगळ्या खरेद्या आहेत.

तास नको, वॉट-अवर विचारा

बॉक्सवर छापलेले '१८ तासांपर्यंत' बहुधा उजेड कमी ठेवून, साठवलेला एकच व्हिडिओ सलग चालवून मोजलेले असतात. तसे काम कोणी करत नाही. बॅटरीची खरी क्षमता वॉट-अवरमध्ये असते आणि ती कंपनीच्या तपशीलपत्रात दिलेली असते. लॅपटॉप जितके वॉट खातो, त्याने या आकड्याला भागले की तास निघतात. एक्सेल, ईमेल आणि ब्राउझर यांवर चांगला १४ इंची लॅपटॉप साधारण ६ ते ८ वॉट खातो. म्हणजे ५७ वॉट-अवरची बॅटरी ७ वॉटवर आठ तास पुरते. व्हिडिओ कॉलवर खप १५ वॉटच्या आसपास गेला, तर तीच बॅटरी चार तासांच्या आत संपते.

इथेच सर्वाधिक फसगत होते. एकच मॉडेल तीन सेलच्या (सुमारे ४० वॉट-अवर) आणि चार सेलच्या (सुमारे ५५ वॉट-अवर) बॅटरीत मिळते. कोटेशनमध्ये दोन-तीन हजारांचा फरक दिसला, की आधी बॅटरी कोणती हे विचारा. मोठी बॅटरी नंतर बसवू म्हटले, तर काही मॉडेलमध्ये आत तेवढी जागाच नसते.

लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. आज आठ तास चालणारा लॅपटॉप दोन-तीन वर्षांनी साडेसहा तासांवर येणार, हे धरूनच घ्या. डेल आणि एचपीच्या काही बिझनेस मॉडेलमध्ये १,००० चार्जिंगसाठी बनवलेली 'लाँग लाइफ' बॅटरी निवडता येते. ऑर्डर देतानाच ती मागा. विमानाने जाणाऱ्यांसाठी: १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये विनापरवानगी चालते, आणि या वर्गातले सगळे लॅपटॉप त्याच्या खूप खाली असतात.

प्रोसेसरचे शेवटचे अक्षर

प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी इंटेलमध्ये 'यू' किंवा अल्ट्रा २०० मालिकेतला 'व्ही', एएमडीमध्ये 'यू' घ्या. 'एच' किंवा 'एचएक्स' हा जास्त वीज खाणारा प्रोसेसर आहे. ऑफिसच्या कामाला त्याचा उपयोग नाही, पंखा मात्र सतत ऐकू येतो. 'व्ही' मालिकेत रॅम प्रोसेसरसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तिथे १६ जीबीवर भागेल का, हे घेण्याआधीच ठरवा.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीचा) विंडोज लॅपटॉप बॅटरीला फार चांगले आहेत. पण जीएसटी, आयकर किंवा ई-टेंडरसाठी तुम्ही डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल, तर थांबा. जुने सॉफ्टवेअर या प्रोसेसरवर बऱ्याचदा चालून जाते, ड्रायव्हर (जोडलेले उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) मात्र खास त्यासाठी लिहिलेलाच लागतो. टोकन, जुना प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र या प्रत्येकाचा ड्रायव्हर आहे का, ते आधी तपासा. मॅकबुक एअर (१३ इंची, सुमारे १.२४ किलो) घेणाऱ्यांनीही हीच खात्री करावी.

स्क्रीन

१४ इंच, १९२० बाय १२०० पिक्सेल, किमान ३०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचे माप). उजेडात बसून काम असेल तर ४००. टू-पॉइंट-एट-के ओलेड (जास्त पिक्सेलची, प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी स्क्रीन) दिसायला सुंदर असते, पण पांढऱ्या कागदासारख्या फाइलींवर दिवसभर काम करताना बॅटरी लवकर उतरवते.

मजबुती कुठे असते

जाहिरातीतले 'मिल-एसटीडी-८१०एच' हे अमेरिकी संरक्षण खात्याचे चाचणी मानक आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या, हे कंपनी स्वतः ठरवते. म्हणून हा शिक्का म्हणजे वॉरंटी नव्हे. पडून फुटलेला लॅपटॉप त्याच्या आधारे बदलून मिळत नाही.

आम्हाला त्यापेक्षा बिजागरी महत्त्वाची वाटते. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडले, की सगळा जोर एका बाजूवर येतो, नट उपटतो आणि पुढे झाकणच फाटते. दुकानात लॅपटॉप हातात घ्या. झाकण मधोमध धरून उघडा, हिसका बसतो का पाहा. मग कीबोर्डच्या मध्यावर आणि झाकणाच्या पाठीवर बोटाने दाबा. झाकण दबून स्क्रीनवर डाग उमटत असतील, तर भरलेल्या सॅकमध्ये तो पॅनेल टिकणार नाही. लेनोवोच्या थिंकपॅड टी आणि एक्स १, एचपीची एलिटबुक, डेलची लॅटिट्यूड ७००० (२०२५ पासून लॅटिट्यूडऐवजी 'डेल प्रो' हे नाव) या मालिकांना आमची पसंती याच कारणाने आहे, आणि त्यांचे सुटे भागही बरीच वर्षे मिळतात.

वजन पाहताना चार्जरही तराजूत धरा. १.३ किलोच्या लॅपटॉपला जाड तीन पिनी वायरचा चार्जर जोडला की पाव किलो वाढते. यूएसबी-सीवर चालणारा ६५ वॉटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइड) चार्जर हा उत्तम उपाय, मात्र तो नावाजलेल्या कंपनीचाच घ्या. यूएसबी-सी पोर्ट दोन हवेत: एकच असेल आणि तो बिघडला, तर चार्जिंगच बंद.

घेतल्यावर

दिवसभर प्लगवर काम असेल तेव्हा चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा; लेनोवो, डेल आणि एचपीच्या बिझनेस मॉडेलमध्ये ही सोय असते. झाकण बंद केल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' (काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होणे) ठेवा (कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स). नवे लॅपटॉप स्लीपमध्येही अर्धवट जागे असतात. सॅकमध्ये तापतात आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका, तापलेला असताना चार्ज करू नका. टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे: चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका.

चहा सांडला तर पॉवर बटण दाबून धरून बंद करा आणि चार्जर काढा. तळाला निचऱ्याची भोके असतील तर उलटा करू नका. द्रव तिथूनच बाहेर जातो. सुकल्यासारखा वाटला तरी चालू करून पाहू नका, तसाच आमच्याकडे आणा. साखर आत राहिली की गंज धरते.

बिल आणि वॉरंटी

तीन वर्षांच्या ऑनसाइट (तुमच्या जागी येऊन दुरुस्तीच्या) वॉरंटीतही बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा एकच वर्षाची असते. ते लेखी विचारा. पडणे, सांडणे यांसाठी अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घालून घ्या, म्हणजे व्यवसायासाठी भरलेल्या १८ टक्के कराची वजावट मागता येते. आणि पैसे देण्याआधी बॉक्सवरचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. सहा महिने आधीची तारीख दिसली तर माल जुना आहे; ती तारीख बदलून घेतल्याशिवाय बॉक्स उघडू देऊ नका.