जिभेखालची बेडकी

दंड आवळला की वर येणाऱ्या गोळ्याला आपण बेडकुळी म्हणतो. जिभेखाली, एका बाजूला येणाऱ्या मऊ, निळसर फुग्यालाही वैद्यकात बेडकीचंच नाव आहे. 'रॅन्युला' म्हणजे लॅटिनमध्ये छोटी बेडकी.

हा आजार जुना आहे. सुश्रुतसंहितेत पाच जिह्वारोग सांगितले आहेत. त्यातली उपजिह्विका म्हणजे जिभेच्या टोकासारखी दिसणारी, जीभ वर उचलणारी सूज. सोबत लाळ, खाज आणि आग. अनेक अभ्यासक तिला रॅन्युलाच मानतात, आणि वर्णन वाचलं की ते पटतं. उपाय होता ती खरवडून वर क्षार चोळण्याचा. पहिल्या शतकात रोमच्या सेल्सस या वैद्यकावरच्या ग्रंथकाराने आणखी पुढचं लिहिलं: गाठ लहान असेल तर एक छेद पुरे, मोठी असेल तर तिची पिशवी सभोवार सोडवून काढा, आणि मोठी रक्तवाहिनी जपा.

तरी गाठ पुन्हा का भरते, हे कोडंच होतं. कारण पिशवीत साठते ती लाळ, हे कळायला आधी लाळेच्या वाटा सापडायला हव्या होत्या. १६५६ मध्ये इंग्लंडच्या थॉमस व्हार्टनने जबड्याखालच्या ग्रंथीची नळी वर्णन केली. जिभेखालच्या ग्रंथीच्या नळ्या त्याच शतकात पुढे कळल्या. ही जिभेखालची ग्रंथी जेवण नसतानाही पाझरत राहते. तिला इजा झाली की लाळ आसपासच्या ऊतींत झिरपून साठते. बहुतेक रॅन्युलांना खरं अस्तरच नसतं, ग्रंथी मात्र पाझरतच राहते. म्हणून नुसती पिशवी उघडून कडा शिवल्या तर गाठ बऱ्याचदा परतते, आणि आज अनेक सर्जन ती ग्रंथीच काढतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं खरं वळण हेच: नजर फुग्यावरून झऱ्याकडे गेली.

जिभेच्या मुळाशी येणाऱ्या गाठीची गोष्ट वेगळी. गर्भात थायरॉइड तिथूनच गळ्यात उतरते; तिची वाट बुजली नाही तर त्यात सिस्ट, म्हणजे द्रव भरलेली पिशवी होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वॉल्टर सिस्ट्रंकने १९२० मध्ये गाठीसोबत गळ्यातल्या हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतची वाट काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

इथे निदानात घाई घातक ठरू शकते. जिभेच्या मुळाशी दिसणारा गोळा कधी सिस्ट नसून खाली न उतरलेली थायरॉइडच असते, आणि कित्येकदा त्या माणसाकडे तेवढीच असते. म्हणून सुरी लावण्याआधी गळ्याची सोनोग्राफी करून थायरॉइड जागेवर आहे ना, हे पाहतात.