कणांच्या टकरी : पॅरामेट्रिक डिझाइनमधील सिम्युलेशन

पॅरामेट्रिक डिझाइन म्हणजे आकडे आणि नियम बदलले की आकार आपोआप बदलेल अशी रचना. कणांच्या टकरी ही त्यातली एक पद्धत : बिंदूंना कण मानून, प्रत्येकाला ठरावीक त्रिज्येचा गोल देऊन, ते एकमेकांत घुसणार नाहीत अशा जागा संगणकाकडून शोधून घेण्याची. वास्तुरचनाकारांमध्ये ती रुळली ती प्रामुख्याने राइनो या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमधील ग्रासहॉपर (ठोकळे तारांनी जोडून नियम मांडण्याचे साधन; डेव्हिड रटन, २००७) आणि त्यावर चालणारे, असे सिम्युलेशन करणारे डॅनियल पायकर यांचे कांगारू यांमुळे. २०१८ मधील राइनो ६ पासून दोन्ही राइनोबरोबरच मिळतात.

ग्रासहॉपरमध्ये माहिती डावीकडून उजवीकडे वाहते, मागे वळत नाही. टक्कर मात्र एका फेरीत सुटत नाही : एका शेजाऱ्यापासून दूर सरकलेला कण दुसऱ्यावर जाऊन आदळतो. म्हणून कांगारू हे फेरे सॉल्व्हर नावाच्या एकाच कम्पोनंटच्या (ठोकळ्याच्या) पोटात चालवते.

समजा, ५ सेंमी त्रिज्येच्या दोन गोलांची केंद्रे ८ सेंमीवर आहेत. अंतर किमान १० हवे, म्हणजे २ सेंमी कमी पडतात. कांगारूतील स्फिअर-कोलाइड (गोलांची टक्कर) ही अट दोन्ही केंद्रांना जोडरेषेवर प्रत्येकी १ सेंमी विरुद्ध दिशांना सरकायला सांगते. एका कणाला अनेक शेजारी ढकलत असतील, तर त्या सूचनांची ताकदीनुसार सरासरी काढली जाते. हालचाल जवळजवळ थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा होते. पडद्यावर कण हलताना दिसले तरी ती हालचाल समतोल गाठण्यासाठी असते, खऱ्या सेकंदांशी तिचा संबंध नसतो. चेंडूची उसळी पाहायची असेल तर बाउन्सी सॉल्व्हर वेगळा आहे. हा फरक विसरून काढलेला निष्कर्ष भौतिकीचा म्हणून मांडू नये.

कण वाढले की जोड्या झपाट्याने वाढतात : १,००० कणांच्या ४,९९,५००. त्यामुळे अशा सॉफ्टवेअरमध्ये आधी जवळचे कण निवडून घेतात आणि तेवढेच तपासतात.

सर्वांत सुंदर उपयोग वर्तुळे दाटीने बसवण्याचा. सपाट प्रतलावर समान वर्तुळांची कमाल दाटी, म्हणजे त्यांनी व्यापलेली जागा, ९०.६९ टक्के, तेव्हा प्रत्येक वर्तुळाला सहा शेजारी टेकतात. विस्कळीत बिंदूंपासून सुरुवात केली तर एवढी शिस्त सहसा येत नाही. षट्कोनी रांगांचे तुकडे तयार होतात आणि त्यांच्या सीमांवर भेगा राहतात. या भेगा चूक समजून पुसू नयेत. घुमटासारख्या वक्र पृष्ठभागावर तर षट्कोनी रांगा सगळीकडे बसूच शकत नाहीत.

नवशिक्याला सर्वाधिक छळते ती गोष्ट अगदी साधी आहे. दोनशे बिंदू एकाच जागी ठेवून ते फुलासारखे उमलतील अशी अपेक्षा असते, पण काहीच हलत नाही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जवळ असलेले बिंदू कांगारू एकच कण धरते, आणि एकट्या कणाला टक्कर द्यायला कोणी उरत नाही. सुरुवातीलाच बिंदू थोडे विखरून दिले की काम सुरू होते.