वंशावळीबाहेरच्या आठवणी

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटले की आपण आधी जुने कागद धुंडाळतो, आणि या सवयीला कारण आहे. महाराष्ट्रात घराण्याची हकीकत बहुतेक वेळा हक्क शाबीत करण्यासाठीच लिहिली गेली. पाटीलकीचा किंवा कुलकर्णाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, आला की दोन्ही पक्ष आपापला करीना, म्हणजे घराण्याची हकीकत, मांडत, गावातल्या जाणत्यांच्या साक्षी होत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे निर्णयाचा लेख, होई. म्हणजे त्या कागदाच्या मुळाशीही कोणाची तरी आठवणच असे, मात्र ती वतनापुरतीच, म्हणजे वंशपरंपरागत हक्कापुरतीच, विचारली जाई. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदारांना पूर्वजांच्या सनदा पुन्हा बाहेर काढाव्या लागल्या.

वतन नसलेल्यांच्या पिढ्या अगदीच विस्मरणात गेल्या असे नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी, म्हणजे वंशावळी सांगणारे भटके लोक, दारोदार येऊन चोपडीतून वंशावळ वाचत आणि धान्य घेऊन जात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेली. आजही जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून अनेक घरे शाळेचा निर्गम उतारा आणि गावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींचे कोतवाल बुक यांच्या वाटेने पणजोबांपर्यंत पोहोचतात. त्यातल्या जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्या की वाचणारा शोधण्यातच दिवस जातात, हे वेगळेच.

या साऱ्या परंपरेत बायका फार थोड्या दिसतात. वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरते, आणि लग्नात नावही बदलण्याची चाल अनेक घरांत असल्याने माहेरची मुलगी सासरच्या कागदात ओळखूच येत नाही. पणजीचे माहेरचे नाव, तिचे दगावलेले मूल, प्लेगात गाव सोडून माळावर घातलेल्या झोपड्या किंवा १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, एकाच आठवड्यात दगावलेली दोन माणसे, यांतले बहुतेक सांगोवांगीच आपल्यापर्यंत आले. म्हणून शोधाची सुरुवात कागदाआधी घरातल्या वडीलधाऱ्यांपासून आणि स्वतःच्या आठवणींपासून करणे, माझ्या मते, अधिक शहाणपणाचे आहे.

विचारण्याची रीत मात्र तलाठ्याची नसावी. पुण्यातल्या आजीला सन विचारला तर ती गोंधळते. ‘पानशेतच्या पुराआधी की नंतर?’ असे विचारले, तर धरण फुटून पुण्यात पूर आला त्या १२ जुलै १९६१ ला घरात कोण कोण होते, गाठोड्यात काय बांधले आणि कोणाच्या माडीवर आसरा मिळाला, हे ती नावानिशी सांगू लागते.