डाइम्लरचे स्पिटफायर आणि मर्लिनचे मेसरश्मिट

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या गप्पा रंगल्या की एक जर-तर हमखास निघतो. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाला ब्रिटिशांचे मर्लिन इंजिन मिळाले असते तर? आणि ब्रिटिशांच्या स्पिटफायरला जर्मनांचे डाइम्लर-बेन्झ? यासाठी कल्पना लढवायची गरजच नाही. ही दोन्ही विमाने खरोखर बनली आणि उडालीसुद्धा. घोटाळा होतो तो त्यांचे फोटो पाहताना. धड एकाचे, नाक दुसऱ्याचे, त्यामुळे कोणते कुठले हेच कळत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. विमानाच्या नाकाच्या बाजूला एक्झॉस्टच्या आखूड नळ्यांची रांग असते, ती आधी पाहा. मर्लिन हे सरळ ठेवलेले इंग्रजी व्ही अक्षर, सिलिंडर वरच्या टोकांना. म्हणून नळ्या नाकाच्या वरच्या अंगाला, वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत. डाइम्लरने तेच व्ही उलटे टांगले होते. सिलिंडर खाली, नळ्याही खाली. नळ्यांवरून इंजिन कळले की मग पंख पाहा. लंबवर्तुळाकार पंख असेल तर स्पिटफायर, कडा सरळ असतील तर मेसरश्मिट. पंख लंबवर्तुळाकार आणि नळ्या खाली असे दिसले, तर तो फोटो जपून ठेवा, कारण तसे विमान एकच होते.

त्याचा क्रमांक ईएन ८३०. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर आणीबाणीत उतरले आणि अलगद जर्मनांच्या हाती पडले, कारण बेट तेव्हा त्यांच्याच ताब्यात होते. डाइम्लर-बेन्झच्या लोकांनी त्याचे नाक कापून तिथे आपले डीबी ६०५ इंजिन बसवले. त्यावर मेसरश्मिट ११० या दुसऱ्या जर्मन विमानाच्या इंजिनाचे कवच जवळपास जसेच्या तसे बसले. विजेची यंत्रणा १२ व्होल्टची होती, ती काढून २४ व्होल्टची घातली. डीबीचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, इंजिनाच्या डाव्या कुशीला असतो, म्हणून हवा घेणारे तोंड डाव्या बाजूला आले. मुळात हे विमान युद्धासाठी केलेलेच नव्हते. आपले इंजिन शत्रूच्या सांगाड्यात कसे वागते, एवढेच त्यांना पाहायचे होते.

मर्लिनच्या मेसरश्मिटची गोष्ट अगदी वेगळी. ते गरजेपोटी बनले. स्पेनने युद्धकाळात १०९ बांधायचा परवाना घेतला, पण जर्मनीकडून इंजिने काही आली नाहीत. आधी हिस्पानो-सुइझा कंपनीच्या इंजिनावर भागवले आणि शेवटी १९५४ मध्ये मर्लिन बसवले. सरळ व्हीचे इंजिन, त्याखाली हवेचे तोंड, त्यामुळे विमानाला लोंबता गळा आला. सेव्हिलमध्ये गळा फुगवणारी कबुतरे पाळतात, त्यांच्यावरून नाव पडले बुचोन. ही विमाने स्पेनच्या हवाई दलात १९६५ पर्यंत होती. पुढे ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (१९६९) या चित्रपटात हीच जर्मन विमाने म्हणून उडाली. तिथली हाइंकेल बॉम्बरही स्पेनची, त्यांनाही मर्लिनच. म्हणजे पडद्यावर लंडनवर चाल करून येणारा जर्मन ताफा ब्रिटिश इंजिनांवर उडत होता.

आता मूळ जर-तरकडे. माझे स्पष्ट मत आहे की युद्धाच्या ऐन काळात ही अदलाबदल झाली असती तरी कुणाचे नशीब उघडले नसते. इंजिन एकटे येत नाही, आपला सगळा संसार घेऊन येते. मर्लिन २७ लिटरचे, डीबी ६०५ जवळपास ३६ लिटरचे, तरी ताकदीत मर्लिन मागे पडत नव्हते. कारण ब्रिटिशांकडे १०० ऑक्टेनचे, म्हणजे जास्त दाब सोसणारे पेट्रोल होते आणि सुपरचार्जरचा दाब त्या भरवशावर चढवलेला होता. जर्मनांचे रोजचे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे. त्यावर मर्लिन चालवायचे तर दाब उतरवावा लागला असता, आणि मग लहान इंजिनाला उरले काय?

तोफेचेही तसेच. उलट्या व्हीच्या दोन फाट्यांमधून तोफेची नळी थेट प्रॉपेलरच्या मधोमध काढता येई. १०९ ची ती मोठी जमेची बाजू होती. मर्लिन आल्यावर ती सोय गेली आणि बुचोनच्या तोफा पंखांत गेल्या.

ब्रिटिशांना डाइम्लरची एक गोष्ट मात्र खरोखर हवी होती: सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणी. मर्लिनमध्ये हवेत पेट्रोल मिसळण्याचे काम कार्ब्युरेटर करी, त्यामुळे नाक एकदम खाली दाबले की इंजिन आचका देई आणि तेवढ्यात जर्मन निसटून जाई. यावर १९४१ मध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या बीट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी तोडगा काढला. इंधनाच्या नळीत बसवायची भोकाची एक छोटी चकती! त्रास पूर्ण गेला नाही, पण वैमानिकांना जीव वाचवण्यापुरती उसंत मिळाली. सबंध इंजिन बदलण्याच्या कल्पनांपेक्षा मला ही चकती फार मोठी वाटते.

ईएन ८३० ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. बुचोन मात्र आजही विमानांच्या प्रदर्शनांत उडतात. त्यांचे नाक पाहून ‘हे खरे १०९ नव्हे’ असे म्हणणारे भेटतात. पण मे १९३५ मध्ये पहिले १०९ उडाले तेव्हा त्याचे जर्मन इंजिन तयार नव्हते, म्हणून मर्लिन बनवणाऱ्या रोल्स-रॉइसचेच केस्ट्रेल इंजिन बसवले होते. तेही सरळ व्हीचे. त्या पहिल्या विमानाच्या नाकावरही नळ्या वरच्याच अंगाला होत्या.