बालदमा शिक्षण (मराठवाड्यातील शहरी वस्त्या)

दमा असलेल्या मुलाच्या घरच्यांना, शिक्षकांना आणि जमेल तितके त्या मुलालाही आजार ओळखणे, फवाऱ्याचे औषध (पंप, म्हणजे इनहेलर) नीट घेणे आणि धाप लागल्यावर काय करायचे हे शिकवणे म्हणजे बालदमा शिक्षण. छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर येथील कामगार वस्त्यांत त्याची गरज औषधाइतकीच आहे; कारण तिथे धाप थांबली की औषधही बंद होते.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला सूज असते, आणि ती मूल हसत-खेळत असतानाही राहते. साल्ब्युटामॉल हे फवाऱ्याचे औषध आवळलेल्या नलिका काही मिनिटांत मोकळ्या करते. सूज मात्र तशीच. ती उतरवायला ब्युडेसोनाइडसारखे स्टेरॉइड श्वासावाटे रोज, महिनोन्‌महिने घ्यावे लागते. रोजंदारीवरच्या आईबापांना धडधाकट दिसणाऱ्या पोरासाठी दरमहा औषध आणायला पटवणे, हेच या कामातले सर्वांत अवघड. त्यात ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत. वास्तविक पंपातली मात्रा मायक्रोग्रॅमची, गोळीपेक्षा कितीतरी कमी, आणि तिची सवय लागत नाही. तरी मृग नक्षत्राला हैदराबादेत मासोळीतून दिले जाणारे औषध घ्यायला जाणारी घरेही पंपाला नाही म्हणतात.

पंप नुसता तोंडात दाबला तर बरेचसे औषध घशातच बसते. म्हणून स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी लागते, अगदी लहानग्यांना मास्कसह. स्पेसर परवडत नसेल तर ५०० मिलीच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, फट बुजवून काम भागते. दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. पंप हलवावा, एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा सावकाश श्वास. स्टेरॉइडनंतर चूळ भरावी.

धाप उठवणाऱ्या गोष्टी घरात आणि आसपासच असतात. गॅस आला तरी आंघोळीचे पाणी बहुधा चुलीवरच तापते. सरपणाला तुराट्या, पळाट्या, कधी प्लास्टिकही. पत्र्याच्या एका खोलीत हा धूर, डासांची अगरबत्ती आणि विडी एकत्र येतात. झुरळांकडे कुणी फारसे पाहत नाही. अमेरिकेतील गरीब शहरी वस्त्यांतल्या मुलांच्या १९९७ च्या अभ्यासात झुरळांची ॲलर्जी असलेली आणि घरात झुरळे भरपूर असलेली मुले जास्त वेळा रुग्णालयात दाखल झालेली आढळली. पावसाळ्यानंतर गाजरगवताचे परागकण. जालन्याच्या पोलाद कारखान्यांची धूळ कुटुंबाच्या हातात नाही; ‘घर बदला’ हा सल्ला तिथे देऊच नये. चूल बाहेर मांडा, हे सांगता येते.

अमेरिकेत कुटुंबांना हे सगळे शिकवायला दमा समुपदेशक नेमून पाहिले गेले. इथे ते काम आशाताई आणि अंगणवाडीताईंवरच येणार, आणि त्यांच्या डोक्यावर आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे. घरी द्यायचा कृती-आराखडा, म्हणजे रोज काय घ्यायचे आणि धाप लागल्यावर काय करायचे हे सांगणारा कागद, चित्रांचा हवा, नांदेड-संभाजीनगरात उर्दूतही.

धाप लागल्यास मुलाला बसते ठेवून साल्ब्युटामॉलचे २ फवारे, एकेक करून द्यावेत. गरज पडल्यास २० मिनिटांच्या अंतराने आणखी दोनदा. तरी आराम नसेल तर थेट रुग्णालय गाठावे. बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल बोलू शकत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर एवढी वाट पाहू नये. लगेच निघावे, रिक्षातही फवारे चालू ठेवावेत.