वराहांचे सांसर्गिक श्वसनरोग : संशोधन आणि बेळगाव सीमाभाग

पाळीव डुकरांच्या कळपात एकाकडून दुसऱ्याकडे पसरणारे नाक, श्वासनलिका व फुप्फुसांचे रोग आणि त्यांचा अभ्यास हा या नोंदीचा विषय आहे. पशुवैद्यक या रोगांना एकत्रितपणे ‘वराह श्वसनरोग संकुल’ म्हणते. खोकणाऱ्या डुकराच्या फुप्फुसात सहसा एकटा जंतू सापडत नाही. एक वाट मोकळी करतो, दुसरा आत शिरतो आणि कोंदट हवा, गर्दी, थंडी ही मंडळी दोघांनाही हात देतात. त्यामुळे ‘हा कोणत्या जंतूचा रोग?’ एवढ्या प्रश्नाने काम भागत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा मराठीभाषक पट्टा वराहपालनासाठी प्रसिद्ध नाही. भारतातील डुकरे मुख्यतः ईशान्येकडे आहेत. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली, त्यांत आसामचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे २१ लाखांचा. कर्नाटकात वराहमांस म्हटले की आधी कोडगू आठवते. तरीही या पट्ट्यात डुकरे आहेत. परंपरेने ती बाळगणाऱ्या कुटुंबांची देशी, मोकाट हिंडणारी डुकरे आहेत आणि लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा संकरित जातीचे दहा-वीस जनावरांचे गोठेही आहेत. चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणजे मागणीही जवळच. संशोधनाच्या दृष्टीने या पट्ट्याचे वेगळेपण कळपांच्या या लहान आकारात आहे.

प्रमुख रोग. यांतला सर्वांत चिवट म्हणजे मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी या जंतूचा, ठाण मांडून बसणारा न्यूमोनिया. हा विषाणूजन्य रोग आहे असा बराच काळ समज होता. १९६५मध्ये अमेरिकेत व ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे हा जंतू वेगळा करण्यात आला आणि तो समज मागे पडला. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांची सतत हलणारी लव असते. धूळ आणि जंतू ती बाहेर लोटते. हा मायकोप्लाझ्मा नेमका त्या लवेला चिकटतो आणि ती निकामी करतो. मग पाश्चुरेला मल्टोसिडासारखे संधीसाधू जंतू खाली उतरतात. डुक्कर मरत नाही. कोरडे खोकते, खाते, पण अंगी लागत नाही. म्हणूनच पाळणारा दुर्लक्ष करतो, आणि खरा तोटा इथेच होतो. लागण झालेली मादी २०० दिवसांहून अधिक काळ इतरांना रोग देऊ शकते. दाट वराहपालनाच्या प्रदेशात केलेल्या मोजणीत हा जंतू वाऱ्याबरोबर ९ किलोमीटरपर्यंत गेलेला आढळला आहे.

याच्या अगदी उलट स्वभावाचा ॲक्टिनोबॅसिलस प्ल्यूरोन्यूमोनी. काल संध्याकाळी चांगले खाल्लेले जनावर सकाळी नाकाशी रक्तमिश्रित फेस येऊन मेलेले सापडते. जिवंत असेल तर कुत्र्यासारखे पुढच्या पायांवर बसते, तोंडाने श्वास घेते, पोट लोहाराच्या भात्यासारखे हलते. शवविच्छेदनात दोन्ही रोगांचा फरक डोळ्यांनी दिसतो. मायकोप्लाझ्मा फुप्फुसाच्या पुढच्या, खालच्या पाळ्या मांसासारख्या घट्ट, जांभळट-करड्या करतो. ॲक्टिनोबॅसिलस मागच्या मोठ्या पाळ्यांत रक्तस्राव घडवतो आणि फुप्फुस बरगड्यांना चिकटवतो.

विषाणूंपैकी वराह प्रजनन व श्वसन संलक्षण, म्हणजे पीआरआरएस, फुप्फुसातल्या रखवालदार पेशींवरच हल्ला करतो. त्यामुळे बाकीच्या जंतूंना दार उघडे मिळते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हा रोग लक्षात आला, १९९१मध्ये नेदरलँड्समधील लेलिस्टाट येथे त्याचा विषाणू वेगळा केला गेला आणि भारतात २०१३मध्ये मिझोरममध्ये त्याची साथ आली. सर्कोव्हायरस-२ हा विषाणू, ग्लेसरेला पॅरासुइस व स्ट्रेप्टोकॉकस सुइस हे जंतू आणि नाकाची हाडे झिजवून थोबाड वाकडे करणारा बोर्डेटेला-पाश्चुरेला यांचा जोडरोग ही या संकुलातली आणखी काही नावे.

इन्फ्लुएंझा आणि नावाचा घोटाळा. १९१८च्या महासाथीत अमेरिकेच्या आयोवा राज्यातील पशुवैद्य जे. एस. कोएन यांनी माणसांचा आणि डुकरांचा आजार एकसारखा दिसतो, असे सांगितले. १९३१मध्ये रिचर्ड शोप यांनी डुकरांतील विषाणूविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसातला इन्फ्लुएंझा विषाणू सापडला तो त्यानंतर, १९३३मध्ये. २००९च्या महासाथीच्या विषाणूतील जनुके डुकरांतील विषाणूंशी नाते सांगणारी होती. त्या ऑगस्टमध्ये भारतातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला आणि ‘स्वाइन फ्लू’ हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. त्यानंतरचा प्रसार मात्र माणसाकडून माणसाकडे झाला. नीट शिजवलेले वराहमांस खाल्ल्याने हा रोग होत नाही. त्याच वर्षी कॅनडातील अल्बर्टात हा विषाणू डुकरांच्या कळपात आढळला, आणि संशय होता तो माणसाकडून डुकरांना लागण झाल्याचा. ही उलटी वाट सहसा विसरली जाते. खोकला-ताप असलेल्या माणसाने गोठ्यात जाऊ नये, हा सल्ला डुकरांच्याही भल्याचा आहे.

सीमाभागात या घोटाळ्याला भाषेचा आणखी एक पीळ बसतो. कन्नडमध्ये डुक्कर म्हणजे ‘हंदी’, आणि ‘हंदी ज्वर’ हा शब्द माणसांच्या स्वाइन फ्लूसाठीही वापरतात, डुकरांच्या वराहज्वरासाठीही. आफ्रिकन वराहज्वराचे नावही त्याच शब्दावरून. हे तिन्ही रोग वेगळे, विषाणू वेगळे. पहिल्याची भीती माणसाला, दुसऱ्यावर लस आहे, तिसरा माणसाला होत नाही पण कळप साफ करतो. गोठेवाला मराठीत ‘धाप लागलीय’ म्हणतो, दवाखान्यातली नोंद कन्नडमध्ये होते आणि मधल्या मध्ये ‘ताप’ तेवढा उरतो. कागदोपत्री रोगनोंदींवर आधारलेले कोणतेही सर्वेक्षण या भागात वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. आफ्रिकन वराहज्वर २०२०मध्ये आसाम व अरुणाचलात, २०२२मध्ये केरळातील वायनाडमध्ये आला. वायनाडला कर्नाटकाची हद्द लागून आहे. त्यामुळे धाप लागून जनावरे पटापट मेली, तर आधी वराहज्वराचे दोन्ही प्रकार वगळायचे आणि मगच न्यूमोनियाची चर्चा करायची, हा क्रम आता सोडता येत नाही.

अभ्यासाच्या पद्धती. सर्वांत जुनी पद्धत कत्तलखान्यात फुप्फुसे पाहण्याची. प्रत्येक पाळीचा किती भाग घट्ट झाला त्याला गुण द्यायचे. एका प्रचलित पद्धतीत सात पाळ्यांना प्रत्येकी ० ते ४, म्हणजे जास्तीत जास्त २८ गुण मिळतात. ही पद्धत स्वस्त आहे, पण त्यासाठी एका कळपातली बरीच जनावरे एकाच दिवशी एकाच ठिकाणी कापली जावी लागतात. इथे एक-दोन जनावरे परसात किंवा छोट्या दुकानामागे कापली जातात आणि फुप्फुस कुणी बघण्याआधीच वाटे पडलेले असतात.

दुसरी पद्धत २००८च्या सुमारास आयोवात पुढे आली. गोठ्यात जाड सुती दोर टांगायचा. डुक्कर जात्याच चौकस, ते दोर चघळते. वीस-तीस मिनिटांनी दोर पिळून लाळ गोळा करायची आणि तिची पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी करायची. जनावर धरणे नाही, नाकात काडी घालणे नाही, कानठळ्या बसवणारी किंकाळी नाही. सुती दोर निपाणीच्या बाजारात कुठेही मिळेल. सीमाभागातील गोठ्यांना ही पद्धत फार सोयीची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र दोराच्या लाळेतून ‘कळपात आहे की नाही’ हे कळते, ‘कोणत्या डुकरात’ हे नाही.

नमुने किती घ्यावेत, यावर या क्षेत्रातले एक ठोकळ गणित आहे. मोठ्या कळपात १० टक्के जनावरांना लागण असेल, तर ती ९५ टक्के खात्रीने पकडायला सुमारे ३० नमुने पुरतात. कळप हजाराचा असो वा पाच हजाराचा, आकडा फारसा बदलत नाही. पण वीस जनावरांच्या गोठ्यात १० टक्के म्हणजे दोनच जनावरे, आणि ती तेवढ्याच खात्रीने पकडायला १६ जनावरे तपासावी लागतात. म्हणजे जवळजवळ सगळा गोठा. मोठ्या बंदिस्त कळपांसाठी बेतलेले शास्त्र लहान गोठ्याला असे महाग पडते. परिणामी सीमाभागात एक गोठा हे अभ्यासाचे एकक धरणेच चुकीचे. एकाच व्यापाऱ्याकडून पिल्ले घेणारी, एकाच नराकडे माद्या नेणारी गावे मिळून एक कळप मानला, तर गणितही जुळते आणि रोगाची वाटही दिसते. इन्फ्लुएंझासारखा विषाणू वीस जनावरांत फिरून संपतो, कारण त्याला नवे भक्ष्य मिळत नाही. तो परत येतो व्यापाऱ्याच्या टेम्पोतून. मायकोप्लाझ्मा मात्र दोन-तीन माद्यांतही महिनोन्‌महिने दबा धरून राहतो.

हवा आणि गोठा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात दुपारची ऊब आणि पहाटेचा गारठा यांत मोठे अंतर पडते, आणि असे चढउतार पिल्लांच्या फुप्फुसांना सोसत नाहीत. खानापूरकडे, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात झडीचे पाणी आत येऊ नये म्हणून गोठ्याला चहूबाजूंनी ताडपत्री व गोणपाट बांधतात. पाऊस अडतो, पण मुताचा अमोनियाही आतच कोंडतो. अमोनिया श्वासनलिकेच्या त्याच लवेला इजा करतो जिच्यावर मायकोप्लाझ्माचा डोळा असतो. छताखाली वीतभर फट उघडी ठेवणे आणि मूत वाहून जाईल असा उतार काढणे, हे कोणत्याही इंजेक्शनाआधी करायचे काम. अथणी-रायबागच्या कोरड्या बाजूला अडचण वेगळी, तिथे धूळ आणि उन्हाळा.

उपचार व निर्मूलन. पेनिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर, घाव घालते. मायकोप्लाझ्माला ती नसतेच, म्हणून पेनिसिलिन त्यावर चालत नाही. टेट्रासायक्लिन, टायलोसिन, टियाम्युलिन चालतात. तरीही खोकला दिसला की हाताशी असलेले पेनिसिलिन टोचण्याची सवय सार्वत्रिक आहे. जोडीला शिरलेले काही जंतू त्याने मरतात, दोन दिवस बरे वाटते आणि मूळ दुखणे राहते. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या अन्नोत्पादक जनावरांतील वापरावर भारत सरकारने २०१९मध्ये बंदी घातली. मायकोप्लाझ्मावरची लस फुप्फुसाची हानी कमी करते, लागण पूर्ण थांबवत नाही. स्वित्झर्लंडने १९९६ ते २००४ या काळात हा रोग देशव्यापी मोहिमेने आटोक्यात आणला. दहा महिन्यांखालचे एकही जनावर दोन आठवडे कळपात ठेवायचे नाही आणि उरलेल्या माद्यांना औषध द्यायचे, हा त्या मोहिमेचा गाभा होता. ज्याची वर्षाची कमाई त्या दहा महिन्यांखालच्या जनावरांतच अडकलेली आहे, त्या खानापूरच्या माणसापुढे भरपाईची हमी नसताना ही योजना मांडण्यात अर्थ नाही.

संस्था. कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय बिदरला, म्हणजे सीमाभागाच्याच दुसऱ्या टोकाला आहे. पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी ‘निवेदी’ ही केंद्रीय संस्था बंगळूरजवळ येलहंका येथे, तर अतिधोकादायक रोगांची प्रयोगशाळा भोपाळला आहे. डुकरांवरील राष्ट्रीय संशोधन केंद्र गुवाहाटीजवळ राणी येथे आहे. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था डुकरांवर काम करते. घाट उतरून गेले की ती सर्वांत जवळची. पण नमुना राज्याच्या हद्दीतूनच, कागदांच्या वाटेने बंगळूरकडे जातो. बेळगाव ते बंगळूर हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. फुप्फुसाचा एक तुकडा फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या पण जंतू मारणाऱ्या द्रवात, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा तुकडा कोरड्या निर्जंतुक डबीत, बर्फाच्या थर्मासात, तो पीसीआर व जंतुवाढीसाठी. दोन्ही एकाच बाटलीत घालून पाठवले, तर जंतू वाढवून पाहण्याची संधी प्रवास सुरू होण्याआधीच गेलेली असते.